मुलांना संख्येचा वर्ग कसा शिकवावा

संख्येला त्याच संख्येने गुणले की तिचा वर्ग मिळतो, हे वाक्य फळ्यावर लिहायचे, त्याखाली एकपासून वीसपर्यंतचे वर्ग उतरवून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते म्हणून घ्यायचे, एवढ्यावर हा घटक अनेक ठिकाणी संपतो. मुले वर्ग पाठ करतात, याबद्दल शंका नाही. मात्र त्याच मुलांना, ‘बाराचा वर्ग १४४ आहे, तर तेराच्या वर्गापर्यंत जाण्यासाठी त्यात किती मिळवावे लागतील?’ असे विचारले, तर बहुतेक जण तेरा गुणिले तेरा असा गुणाकार मांडू लागतात. आणि चौरस अंगणाची बाजू दुप्पट केली तर सारवायला शेण किती पट लागेल, याचे उत्तर हमखास ‘दुप्पट’ असे येते. म्हणजे शब्द आणि आकडे पोचलेले असतात, पण त्यांच्यामागचा आकार मुलाने कधी पाहिलेलाच नसतो.

कोकणातल्या शाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक, घरी मुलांचा अभ्यास घेणारे आईवडील आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून आलेली नातवंडे ज्यांच्या ओटीवर जमतात असे आजीआजोबा, यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. त्यात एकच आग्रह आहे. वर्ग आधी हाताने मांडावा, मग मोजावा, त्यानंतर चिन्हात लिहावा आणि सर्वांत शेवटी पाठ करावा. हा क्रम उलटा करू नये.

सुरुवात केव्हा करावी आणि हाताशी काय असावे

ज्या मुलाला दहापर्यंतचे पाढे बऱ्यापैकी येतात आणि ‘तीन चोक बारा’ म्हणजे चार-चारच्या तीन ओळी हे दाखवता येते, ते मूल या विषयासाठी तयार आहे. साधारणपणे ही तयारी नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत होते. वीसपर्यंतचे पाढे येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तयारी तपासायची असेल तर मुलाच्या हातात बारा चिंचोके द्यावेत आणि सारख्या ओळींत ते किती प्रकारे मांडता येतात ते विचारावे. एका ओळीत बारा, दोन ओळींत सहा-सहा, तीन ओळींत चार-चार असे प्रकार त्याला सापडले, तर पुढे जावे. त्याला एकच प्रकार सापडत असेल, तर दोन-तीन दिवस अशाच मांडण्या करून घ्याव्यात, कारण पुढची सगळी इमारत या ओळींवरच उभी राहणार आहे.

साहित्य आपल्या परसातच मिळते. चिंचोके, सुकलेल्या सुपाऱ्या, धुऊन वाळवलेल्या कोकमाच्या बिया, किनाऱ्यावरची शाळा असेल तर सारख्या आकाराचे लहान शिंपले, यांपैकी काहीही चालते. फक्त दोन वेगवेगळ्या रंगांच्या वस्तू हव्यात. काजूच्या बिया मात्र मुलांच्या हातात देऊ नयेत, कारण त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते आणि एखादी बी फुटलेली असली तरी ते लक्षात येत नाही. एकापासून सहापर्यंतचे सगळे चौरस एकाच वेळी मांडून ठेवायचे तर ९१ नग लागतात, तेव्हा प्रत्येक गटाला शंभरेक नग मोजून द्यावेत. याखेरीज चौकटींची वही, रंगीत खडू, काथ्याची दोरी आणि मोजपट्टी एवढे पुरते.

जागेचाही विचार करावा. पावसाळ्यात पडवीत किंवा वर्गाच्या फरशीवर काम करावे लागते. दिवाळीच्या सुमारास खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, नव्याने तयार झाले, की मोठ्या मापाची कामे बाहेर घेता येतात. म्हणून बियांचा भाग पावसात आणि दोरीने मोजण्याचा भाग पाऊस सरल्यावर ठेवणे सोयीचे जाते. वाड्यांवरच्या बऱ्याच शाळांत दोनच शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात, आणि या विषयाला ती परिस्थिती उलट अनुकूल आहे. तिसरी-चौथीच्या मुलांनी मांडावे, मोठ्यांनी त्याची नोंद करावी आणि पुढची संख्या मांडण्याआधी ओळखावी, अशी वाटणी उत्तम चालते.

चौरस होतो की होत नाही

पहिल्या दिवशी ‘वर्ग’ हा शब्द उच्चारूच नये. मुलांना सात बिया द्याव्यात आणि विचारावे, ‘यांच्या सारख्या ओळी करता येतील का?’ एकच लांब ओळ होते. मग आठ द्याव्यात. दोन ओळींत चार-चार बसतात आणि आयत तयार होतो. मग नऊ. तीन ओळी, प्रत्येकीत तीन, आणि कोणत्याही बाजूने पाहिले तरी आकार तोच. इथे दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावेत: ओळी किती झाल्या, आणि एका ओळीत किती आहेत? दोन्ही उत्तरे सारखी आली तर चौरस झाला, नाहीतर नाही. एकपासून तीसपर्यंत कोणकोणत्या संख्यांचा चौरस होतो ते मुलांनी स्वतः शोधून काढावे. १, ४, ९, १६ आणि २५ ही यादी मुलांच्या हातून तयार झाली पाहिजे, आपण ती सांगू नये.

यात एक वाद हमखास उभा राहतो. एक बी ठेवली तर तिला चौरस म्हणायचे का? काही मुले ‘ती तर नुसती बी आहे’ असे म्हणतात, काही म्हणतात, ‘ओळ एक आहे आणि ओळीत एक आहे.’ हा वाद लगेच मिटवू नये. मुलांनी स्वतः ठरवलेल्या दोन प्रश्नांच्या कसोटीला एक ही संख्या उतरते, हे त्यांच्यापैकीच कोणीतरी दाखवून देते, आणि नियम लावून निर्णय घ्यायचा हा गणिताचा मुख्य संस्कार त्या पाच मिनिटांत होतो.

बिया वेड्यावाकड्या ठेवल्या जाऊन ओळी मोडतात, ही व्यवहारातली अडचण आहे. त्यावर रांगोळीचा ठिपक्यांचा कागद हा चांगला उपाय आहे. तो जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली, की सारख्या अंतराचे ठिपके उमटतात आणि प्रत्येक ठिपक्यावर एक बी ठेवता येते. ‘सात ठिपके, सात ओळी’ असे रांगोळीचे माप घरोघरी बोलले जाते. त्या रांगोळीला एकूण ठिपके किती काढावे लागले, हा प्रश्न घरी आईला किंवा आजीला विचारून येण्यास सांगावा. पंधरापासून सुरू होऊन दोन्हीकडे आठपर्यंत उतरणाऱ्या रांगोळ्या चौरस नसतात, हेही मोठ्या मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

एका चौरसातून दुसरा चौरस

माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे, आणि घाईत नेमका हाच भाग गाळला जातो. त्यासाठी निदान तीन दिवस वीस-पंचवीस मिनिटे राखून ठेवावीत.

जमिनीवर एक सुपारी ठेवावी. मुलांना सांगावे की ही सुपारी न हलवता, तिच्याभोवती चिंचोके लावून पुढचा मोठा चौरस करायचा आहे. उजवीकडे एक, खाली एक आणि कोपऱ्यात एक, असे तीन चिंचोके लागतात. आता या चौरसाच्या उजवीकडे आणि खाली पुन्हा सुपाऱ्या लावायच्या. त्या किती लागतील ते मांडण्यापूर्वी प्रत्येकाने पाटीवर लिहायचे. अनेक मुले चार लिहितात, कारण दोन उजवीकडे आणि दोन खाली असा हिशेब ती करतात. मांडून पाहिल्यावर कोपरा रिकामा राहतो. तो रिकामा कोपरा मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. शिक्षकाने आधीच ‘कोपऱ्याची एक विसरू नका’ असे सांगितले, तर शिकण्याची सगळी संधी वाया जाते. पाचवी सुपारी तिथे बसते आणि चौरस पूर्ण होतो.

पुढच्या फेरीला पुन्हा चिंचोके घ्यावेत. तीन उजवीकडे, तीन खाली, एक कोपऱ्यात, म्हणजे सात. त्यापुढे नऊ, मग अकरा. रंग आलटून पालटून वापरल्यामुळे सहा बाय सहाच्या चौरसात काटकोनात वळलेल्या पट्ट्या स्पष्ट दिसतात, आणि प्रत्येक पट्टीतली संख्या आधीच्या पट्टीपेक्षा दोनने मोठी असते. मुलांनी वहीत तीन रकाने पाडून नोंद करावी: चौरसाची बाजू, एकूण बिया आणि नव्याने लावलेल्या बिया. तिसऱ्या रकान्यात १, ३, ५, ७, ९, ११ अशा विषम संख्या ओळीने उतरलेल्या पाहून वर्गात जी कुजबुज सुरू होते, ती थांबवू नये.

नोंद झाल्यावर प्रश्न वाढवत न्यावेत. सातचा चौरस तयार आहे, आठचा करायला किती लागतील? सात, सात आणि एक, म्हणजे पंधरा. दहाचा तयार आहे, अकराचा करायला? दहा, दहा आणि एक, म्हणजे एकवीस. म्हणून अकराचा चौरस १२१. आतापर्यंत कोणीही अकरा गुणिले अकरा केलेले नाही, तरी उत्तर हाती आले. हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांतही सांगता येते: जुन्या चौरसाची बाजू आणि नव्या चौरसाची बाजू यांची बेरीज जुन्या चौरसात मिळवली की नवा चौरस मिळतो. दहा आणि अकरा मिळून एकवीस होतात. मुलांना दोन्ही रीती दिसू द्याव्यात. कोणाला कोपऱ्याची रीत सोपी वाटते, कोणाला बेरजेची.

मग उलट दिशेने यावे. एक, तीन, पाच, सात, नऊ यांची बेरीज किती? मुले बेरीज करू लागली तर करू द्यावी, पण त्यानंतर सुपारी-चिंचोक्यांचा पाचचा चौरस दाखवून विचारावे की ही बेरीज आधीच कुठे मांडलेली आहे. पहिल्या दहा विषम संख्यांची, म्हणजे एकपासून एकोणीसपर्यंतच्या विषम संख्यांची, बेरीज शंभर येते, हे चौथीतले मूलही मग मनातल्या मनात सांगते, कारण दहा पट्ट्या म्हणजे दहाचा चौरस हे त्याने पाहिलेले असते. हे कारण मुलाच्या तोंडून आले, तर पाठ्यपुस्तकातले चार स्वाध्याय सोडून दिले तरी चालेल.

ठिपक्यांकडून चौकटींकडे, आणि वहीकडून शेताकडे

बिया मोजणे आणि चौकटी मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत फार सहज होते. पाच ठिपके, पाच ओळी अशा रांगोळीत ठिपके पंचवीस असतात, पण ते रेघांनी जोडले तर मध्ये सोळाच चौकटी तयार होतात. मुलाने चौकटीच्या वहीत रेघा मोजल्या की एकने चूक होते, ती यामुळेच. म्हणून बियांकडून चौकटींकडे जाताना मधली एक पायरी ठेवावी. खडूने जमिनीवर पाच बाय पाच चौकटी आखून प्रत्येक चौकटीच्या मध्यभागी एक बी ठेवावी, आणि मग बिया उचलून घ्याव्यात. बी गेली तरी तिची जागा राहते. त्या जागांची संख्या म्हणजे क्षेत्रफळ, हे इतके सरळ दिसते की वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही.

बाहेर अंगण मोकळे असेल तेव्हा मोजपट्टी घेऊन एक मीटर बाजूचा चौरस आखावा. तो एक चौरस मीटर. आता दोन मीटर बाजूचा चौरस आखायचा आहे. त्यात पहिल्यासारखे किती चौरस मावतील, ते आधी लिहून घ्यावे. ‘दोन’ हे उत्तर बहुसंख्य मुलांचे असते. आखून पाहिल्यावर चार निघतात. बाजू तिप्पट केली तर नऊ, दहापट केली तर शंभर. सारवणाच्या शेणाचा प्रश्न इथे पुन्हा विचारावा, आणि शक्य असल्यास दोन्ही चौरस प्रत्यक्ष सारवून घ्यावेत, म्हणजे ‘चौपट’ या शब्दाचा भार हाताला कळतो.

इथून सातबाराच्या उताऱ्याकडे जाता येते, आणि कोकणात जमिनीची चर्चा ज्या घरात होत नाही असे घर विरळा. दहा मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्र म्हणजे एक आर, १०० चौरस मीटर. शंभर मीटर बाजूचा चौरस म्हणजे एक हेक्टर, १०,००० चौरस मीटर. बाजू दहापट झाली म्हणून क्षेत्र दहापट झाले असे समजून, एका हेक्टरात दहा आर असतात असे पुष्कळ मोठी माणसेही सांगतात. प्रत्यक्षात ते शंभर असतात, आणि कारण तेच आहे जे मुलांनी खडूने आखून पाहिले. जुनी माणसे गुंठ्यांत बोलतात. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. काथ्याच्या दोरीला ३३ फुटांवर गाठ मारून शाळेच्या मैदानात एक गुंठा आखावा. त्याच्या शेजारी दहा मीटरचा आर आखला, तर दोन्ही जवळजवळ सारखे आहेत आणि गुंठा किंचित मोठा आहे, हे बाजू मोजून समजते.

हापूसची कलमे पारंपरिक पद्धतीने दहा मीटर बाय दहा मीटर अंतरावर लावली जातात, म्हणजे प्रत्येक कलमाच्या वाट्याला एक आर जागा येते आणि हेक्टरात शंभर कलमे बसतात. ५० मीटर बाजूच्या चौरस बागेत किती कलमे बसतील? पाच ओळी, ओळीत पाच, म्हणून पंचवीस. एखादे चलाख मूल ‘छत्तीस’ म्हणेल, कारण त्याने कुंपणापासून कुंपणापर्यंत खड्डे मोजले असतील. त्याचे उत्तर चुकीचे म्हणून बाजूला सारू नये. कलम गडग्यालाच लावले तर फांद्या शेजाऱ्याच्या बागेत जातील, म्हणून ते चौकटीच्या मध्यभागी लावायचे, असे त्याला नकाशा काढून दाखवावे. ठिपके आणि चौकटी यांतला फरक त्याला या उदाहरणातून कायमचा समजेल.

आता चिन्ह

एवढे झाल्यावरच ‘वर्ग’ हा शब्द आणि त्याचे लेखन द्यावे. ‘पाचचा चौरस मांडला, त्यात पंचवीस बिया लागल्या’ हे वाक्य थोडक्यात ‘पाचचा वर्ग पंचवीस’ असे म्हटले जाते, आणि लिहिताना ५ च्या उजवीकडे वरच्या बाजूला लहान २ काढतात. खालचा पाच हा पाया आणि वरचा दोन हा घातांक, ही नावे पाचवीच्या पुढच्या मुलांना सांगावीत. त्याहून लहान मुलांवर ती लादू नयेत.

पहिले उदाहरण कोणत्याही परिस्थितीत दोनचे घेऊ नये. दोन अधिक दोन चार, दोन गुणिले दोन चार, आणि दोनचा वर्गही चार. त्यामुळे मूल कोणत्या मार्गाने उत्तरापर्यंत आले हे कळत नाही, आणि घातांकाने गुणायचे असा चुकीचा समज घेऊन ते पुढे जाते. तीन किंवा पाच या संख्येने सुरुवात करावी. पाचचा वर्ग दहा असे कोणी लिहिलेच, तर खोडून दुरुस्त करण्याऐवजी त्याला पाच-पाचच्या दोन ओळी मांडायला सांगाव्यात आणि शेजारी पाचचा चौरस मांडायला सांगावा. दोन आकार समोरासमोर आले, की चूक तेच मूल शोधते. दुसरी चूक लेखनाची असते. वरचा लहान दोन खाली घसरतो आणि पाचच्या वर्गाचे बावन्न होतात. चौकटीच्या वहीत घातांक चौकटीच्या वरच्या अर्ध्या भागातच काढायचा, असा नियम सुरुवातीचे काही दिवस पाळला तर ही सवय लागत नाही.

पाठांतर, पण मांडणीच्या आधाराने

पाठांतराला माझा विरोध नाही. शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलाला तीसपर्यंतचे वर्ग तोंडपाठ असले तर त्याचा बराच वेळ वाचतो, आणि पुढे वर्गमूळ, पायथागोरसचा सिद्धांत, बीजगणित यांत ते रोजच लागतात. मात्र पाठ केलेली संख्या विसरली तर ती पुन्हा तयार करता आली पाहिजे.

दहापर्यंतचे वर्ग पाढ्यांतच दडलेले आहेत. बे दुणे चार, तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा हे मुले कधीपासूनच म्हणत असतात. पाढ्यांच्या तक्त्यात या संख्या एका तिरप्या रेषेवर येतात, ती रेषा रंगवून घ्यावी. दहानंतर पट्टीची रीत वापरावी. शंभरात एकवीस मिळवले की १२१, त्यात तेवीस मिळवले की १४४, मग पंचवीस मिळवून १६९, सत्तावीस मिळवून १९६ आणि एकोणतीस मिळवून २२५. वीसचा वर्ग ४०० हा मधला टप्पा पक्का ठेवावा, म्हणजे दोन्हीकडे जाता येते: वीस आणि एकवीस मिळवून एकवीसचा वर्ग ४४१, आणि वीस व एकोणीस वजा करून एकोणीसचा वर्ग ३६१. रोज दोन वर्ग तयार करून दाखवायचे आणि मग म्हणायचे, असा क्रम ठेवला तर पंधरवड्यात तीसपर्यंत पोचता येते.

वर्गांची यादी भिंतीवर लावली की एककाच्या अंकांकडे लक्ष वेधावे. ते १, ४, ९, ६, ५, ६, ९, ४, १, ० या क्रमानेच फिरत राहतात. म्हणजे ज्या संख्येच्या एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ आहे, ती पूर्ण वर्गसंख्या असूच शकत नाही. उलट बाजू मात्र खरी नाही. २१ च्या शेवटी एक आहे म्हणून ती वर्गसंख्या होत नाही. ही सावधगिरी आवर्जून सांगावी, कारण परीक्षेतले पर्याय नेमके इथेच फसवतात.

मोठ्या संख्यांचे तुकडे

तेराचा वर्ग काढताना दहाचा वर्ग शंभर, तीनचा वर्ग नऊ, म्हणून १०९, असे उत्तर देणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि हीच चूक पुढे आठवी-नववीच्या बीजगणितात पुन्हा डोके वर काढते. तिचा बंदोबस्त इथेच करावा. चौकटीच्या वहीत तेरा बाय तेराचा चौरस आखून दोन्ही बाजूंना दहा चौकटींवर रेघ मारावी. चार तुकडे होतात: दहा बाय दहाचा मोठा चौरस, तीन बाय तीनचा लहान चौरस, आणि दहा बाय तीनच्या दोन पट्ट्या. १०९ म्हणणाऱ्या मुलाने या दोन पट्ट्याच सोडलेल्या असतात. त्या त्याला रंगवायला द्याव्यात. शंभर, तीस, तीस आणि नऊ मिळून १६९ होतात. याच रीतीने गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट काढून घ्यावेत: नऊशे, नव्वद, नव्वद आणि नऊ.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त वर्ग काढण्याच्या पद्धती देताना, संख्येचे दोन तुकडे करून त्यांच्या गुणाकाराची दुप्पट आणि दोन्ही तुकड्यांचे वर्ग मिळवायला सांगितले आहे. सरावासाठी त्यांनी ९, १४, २९७ आणि १०,००५ या संख्यांचे वर्ग विचारले आहेत. त्यांतला २९७ हा तीनशेला तीन कमी असा दिलेला आहे, आणि सहावी-सातवीतल्या मुलांनी तो अवश्य करून पाहावा. तीनशेचा वर्ग ९०,०००. त्यातून तीनशे आणि तीन यांच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे १,८००, वजा केली आणि तीनचा वर्ग नऊ मिळवला, की ८८,२०९.

शेवटी पाच असलेल्या संख्यांची झटपट रीत मुलांना फार आवडते. ३५ चा वर्ग काढायचा, तर तीनला त्याच्या पुढच्या चाराने गुणून बारा, आणि त्यापुढे पंचवीस लिहायचे: १,२२५. ही युक्ती नुसती सांगू नये. कागद कापून दाखवावी. पस्तीसच्या चौरसाचे तीस बाय तीसचा चौरस, तीस बाय पाचच्या दोन पट्ट्या आणि पाच बाय पाचचा कोपरा असे तुकडे करावेत. दोन्ही पट्ट्या मोठ्या चौरसाला एकाच बाजूने जोडल्या, की तीस बाय चाळीसचा आयत होतो, म्हणजे १,२००, आणि पाचचा चौरस उरतो, तो २५. नारळाची रोपे साडेसात मीटर अंतरावर लावतात, तेव्हा एका माडाला ५६.२५ चौरस मीटर जागा मिळते. सात आठे छप्पन आणि पुढे पंचवीस, हे इथेही कसे येते, याचा विचार मोठ्या मुलांना करू द्यावा.

उलट वाटेने

वर्ग पक्का झाल्याची खरी परीक्षा वर्गमूळात होते. ४९ बियांचा चौरस मांडायचा आहे, बाजू किती येईल? हे जमले की चौरस न होणाऱ्या संख्या द्याव्यात. ३० बिया दिल्या तर पाचचा चौरस होऊन पाच उरतात, आणि सहाचा करायचा तर आणखी सहा लागतात. प्रत्येक संख्येसाठी उरलेल्या आणि कमी पडलेल्या अशा दोन्ही बियांची नोंद ठेवली, की ३० चे वर्गमूळ पाच आणि सहा यांच्या साधारण मध्यावर असणार, हा अंदाज मुले आपणहून बांधतात.

घराचा पाया आखताना गवंडी एका बाजूला तीन फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण करतो, आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला असे मानतो. गावात चिऱ्याचे बांधकाम सुरू असेल तर मुलांना हे पाहायला न्यावे, आणि परतल्यावर तीन, चार आणि पाच यांचे चौरस बियांनी मांडून घ्यावेत. पहिल्या दोन चौरसांच्या नऊ आणि सोळा बिया एकत्र केल्या की तिसरा चौरस पुरा होतो. काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत मुले पुढच्या इयत्तांत शिकतीलच. आज इतके पाहिले तरी पुरे.

एखाद्या मुलाने पन्नास बियांचा चौरस मांडायला घेतला आणि एक बी हातात उरली, तर ती काढून घेऊ नये. पन्नासचे वर्गमूळ सातच्या किती जवळ असेल, असे त्याला विचारावे. सात पूर्णांक एक दशांशचा वर्ग ५०.४१ येतो, म्हणजे थोडा जास्त. तेव्हा खरे उत्तर ७ आणि ७.१ यांच्या मध्ये आहे, एवढे त्याने स्वतः गुणाकार करून ठरवले, की पुढचा दशांश शोधण्याचे काम त्याच्यावरच सोपवावे.